प्रकरण सतरावे : वरची चौकट

पाचवी बैठक रविवारी दुपारी तीनला ठरली होती, आणि तीन वाजून चार मिनिटे झाली तरी धाकट्या भावाचा पत्ता नव्हता. थोरल्यांनी ही गोष्ट वहीत नोंदवून ठेवली. आधीच्या चार बैठकांच्या नोंदी त्याच वहीत होत्या: कोण उशिरा आले, कोण मध्येच उठून गेले, कोणते नाव कुणी सुचवले आणि कोणत्या कारणाने ते नाकारले गेले. नाकारलेल्या नावांची संख्या एकतीस झाली होती.

ज्याच्यासाठी हा खटाटोप चालला होता तो त्यांचा नातू टेबलाखाली बसून खुर्चीच्या पायाची रबरी टोपी चावत होता. मंगळवारी त्याला एक वर्ष पूर्ण होणार होते. जन्माच्या नोंदीत नावाची जागा अजून कोरी होती. वर्षाच्या आत नाव घालायचे तर आईवडिलांच्या सह्यांचा एक साधा अर्ज पुरत असे. त्यानंतर प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार आणि न्यायालयाच्या पायऱ्या. उद्या, सोमवारी, शेवटचा दिवस होता. तोवर नाकाच्या आकारावरून आत्यांनी पाळण्यातच ठेवलेले 'बटण' हेच त्याचे नाव, आणि लसीकरणाच्या कार्डावर आईच्या नावापुढे 'यांचे बाळ' एवढेच.

थोरल्यांनी तक्ता टेबलावर पसरला आणि चारही कोपऱ्यांवर लोखंडी ठोकळे ठेवले. त्रेचाळीस वर्षे त्यांनी फाउंड्रीच्या पॅटर्न विभागात काढली होती. तिथे आधी लाकडाचा नमुना बनतो, नमुन्याभोवती वाळूचा साचा दाबला जातो आणि साच्यात लोखंड ओतले जाते. ड्रॉइंग पुरे झाल्याशिवाय लाकडाला करवत लावायची नाही, हे त्यांना तंत्रविद्यालयाच्या पहिल्याच वर्षी शिकवले होते. कुळाच्या नावांचा तक्ता पुरा झाल्याशिवाय नाव ठेवायचे नाही, हा त्यांचा आग्रह त्यातूनच आला होता, आणि त्यात काही गैर आहे असे त्यांना वाटत नव्हते. निदान चार महिन्यांपूर्वीपर्यंत वाटत नव्हते.

"दादा, तो येईल तेव्हा येईल. तू सुरू कर," आत्या म्हणाल्या. थोरल्यांची ही बहीण प्रसूती रुग्णालयातून मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झाली होती आणि वाट पाहणे हा प्रकार तिथेच संपवून आली होती. "माझ्या हाताखालून नऊ हजार मुलं गेली. एकाचंही नाव ठेवायला पाच बैठका लागल्या नाहीत. नावं ठेवायला सगळे हजर, पण नाव ठेवायला कुणी नाही, असं हे एकच घर."

"गणसंख्या पूर्ण होऊ दे."

"कसली गणसंख्या? पाच माणसं आहोत आपण."

सुनेने चहा आणून ठेवला. कप तक्त्यापासून हातभर लांब ठेवायचा असतो, हे तिला आता पाठ झाले होते.

*

ती दातांच्या लॅबमध्ये काम करी. लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे तिच्यापुढे रांगेने मांडलेले असत आणि त्यांवरून ती कवळ्या घडवी. सासऱ्यांचे काम आणि आपले काम एकाच जातीचे आहे, हे तिला लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच कळले होते, आणि दोघांचे जमतही होते. भांडण एकाच गोष्टीवरून होते.

या घरात थोरल्या मुलाला एकच नाव देत. सासऱ्यांच्या आजोबांचे ते नाव. मग वडिलांचे, मग सासऱ्यांचे, मग तिच्या नवऱ्याचे. त्याला सगळे 'घरचं नाव' म्हणत आणि घरात ते कधीच उच्चारत नसत, कारण तशी हाक मारली की दोघेतिघे एकदम 'काय?' म्हणून वळत. म्हणून आजोबा झाले मिस्त्री, वडील झाले फोरमन. सासऱ्यांना भावंडे दादा म्हणत आणि सासूबाई होत्या तोवर 'अहो' म्हणत. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या तिच्या नवऱ्याला सगळी गल्ली लिफ्टवाला म्हणून ओळखे. घरच्या नावाने हाक मारणारी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे टपाल. आणि टपाल नेमके भलत्याच्या हातात पडे.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवऱ्याला निवृत्तिवेतन कार्यालयाचे पत्र आले: आपण हयात असल्याचा दाखला तीस दिवसांत सादर करावा. तो चौतीस वर्षांचा होता. त्यावर सगळे हसले, तीही हसली. नंतर गुडघा दाखवायला गेला तर डॉक्टरांनी समोरची फाइल वाचून विचारले, रात्री लघवीला किती वेळा उठता? त्यावरही हसून झाले. मग मागच्या वर्षी सुरक्षा निरीक्षकांच्या नोंदवहीत कुणीतरी बापलेकांची दोन पाने एक केली आणि 'वयोमर्यादा उलटली' या शेऱ्याने त्याचा लिफ्टचा परवाना रद्द झाला. तेव्हा ती सहा महिन्यांची गरोदर होती. तो पाच महिने घरी बसला आणि ती खिडक्यांपुढच्या रांगांत उभी राहिली. आपला नवरा हा आपला सासरा नव्हे, एवढे एकच वाक्य तिने अकरा टेबलांवर सांगितले. बाराव्या टेबलावरच्या माणसाने चष्मा वर करून विचारले, "मग एकच नाव ठेवलं कशाला?" त्या रात्रीपासून तिचा निर्णय पक्का होता.

आणि तरीही पाचवी बैठक. कारण अर्जावर नवऱ्याची सही लागत होती, आणि नवरा म्हणत होता, "बाबांना एकदा पटू दे."

*

धाकटे भाऊ, औषधवाले काका, सव्वातीन उलटून गेल्यावर आले, हातात पिशवी आणि तोंडात सबब घेऊन.

"एक बाई गोळ्या परत घेऊन आल्या. म्हणे यांनी गुण येत नाही. खाल्ल्याच नाहीत तर गुण कुठून येणार? काय रे बटण्या, झालं का तुझं बारसं? की पुढच्या वर्षी बघू?"

"बस," थोरले म्हणाले. "सतरा मिनिटं."

"लिही वहीत."

"लिहिलंय."

थोरल्यांनी घसा साफ केला आणि मागच्या बैठकीचे इतिवृत्त वाचायला घेतले. सुचवलेल्या नावांपैकी 'पहाटेचा' या अर्थाचे नाव काकांनी नाकारले होते, कारण त्या नावाचा त्यांचा एक गिऱ्हाईक दुपारी बारापर्यंत झोपतो. 'धैर्यवान' या अर्थाचे आत्यांनी नाकारले, कारण तसल्या नावाचा एक शल्यविशारद रक्त पाहून दोनदा चक्कर येऊन पडला होता.

"नाव मोठं, लक्षण खोटं," आत्या म्हणाल्या. "म्हणून मी म्हणते, घरचंच नाव ठेवा. निदान त्याचा अनुभव तरी आहे."

"अनुभव मला आहे, आत्या," सून म्हणाली. "अकरा टेबलांचा."

"ती कारकुनांची चूक. नावाची नाही."

"तीन वेळा झाली की ती कारकुनाची राहत नाही. आमच्या लॅबमध्ये एका नावाचे दोन पेशंट आले की आम्ही आधी घाबरतो, मग काम करतो. एकदा अदलाबदल झाली होती. आठवडाभर एका माणसाने दुसऱ्याची कवळी वापरली, आणि तक्रार काय, तर म्हणे बोलताना शेजाऱ्यासारखा आवाज येतो."

काका खो खो हसले. ते पहिल्यापासून सुनेच्या बाजूचे होते. दुसरा मुलगा म्हणून त्यांना घरचे नाव मिळाले नव्हते. फोरमननी त्यांचे नाव समोर लटकणाऱ्या कॅलेंडरावरून ठेवले होते, आणि हा सल त्यांनी अडुसष्ट वर्षे विनोदाच्या कागदात गुंडाळून जपला होता. "मी तर म्हणतो, पोरीला हवं ते ठेवू दे. घरच्या नावाने दादाला काय दिलं? वही दिली."

"अर्थ दिला," थोरले म्हणाले. "त्या नावाचा अर्थ आहे, जागा न सोडणारा. आणि आपल्या आडनावाचा अर्थ, भट्टी राखणारे. फाउंड्रीत चार पिढ्या काढणाऱ्या कुटुंबाला याहून चपखल..."

"तीन पिढ्या," टेबलाखालून आवाज आला. लिफ्टवाला बटणच्या तोंडातून रबरी टोपी काढून ती खुर्चीला परत बसवत होता. "मी लिफ्टमध्ये आहे, बाबा."

"लिफ्टच्या कप्प्या ओतीवच असतात."

थोरल्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि सुनेने चहा करतानाच जे ओळखले होते तेच ते म्हणाले:

"तथापि, तक्त्यातली वरची चौकट अद्याप अपूर्ण आहे. काही माहिती यायची आहे. सबब, आज अंतिम निर्णय घेणं योग्य होणार नाही."

"उद्या शेवटचा दिवस आहे, बाबा."

"प्रतिज्ञापत्राचा मार्ग उपलब्ध आहे."

"एक चौकट भरायची राहिली म्हणून माझा मुलगा कोर्टात?" तिने आवाज चढवला नव्हता. साच्यात प्लास्टर ओतताना हात जितका स्थिर ठेवावा लागतो तितकाच तो स्थिर होता, आणि नवऱ्याला त्याचीच भीती वाटली. "दुसऱ्या बैठकीला मी हा तक्ता पाहिला होता. तेव्हा वरच्या चौकटीत मिस्त्रींचं नाव होतं, तुमच्या सुबक अक्षरात. आता तिथे कोरी पट्टी चिकटवलीय. आणि खळ वापरलीय, ती कोपऱ्यात पिवळी पडलीय. म्हणजे हे आजकालचं नाही. तीनचार महिने तरी झाले."

थोरल्यांनी हात चौकटीवर ठेवला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने परीक्षेत उत्तरपत्रिका झाकावी तसा.

"दादा," आत्या म्हणाल्या, "हात काढ."

*

आत्यांना आता आठवले की हा माणूस चार महिने धड जेवत नव्हता. त्यांनी ते पचनावर ढकलले होते आणि ओव्याचे पाणी सुचवले होते. चाळीस वर्षे वॉर्डात काढून आपण घरच्या माणसाचा चेहरा वाचू शकलो नाही, याचा त्यांना आधी राग आला, मग त्याच्यावर जास्त राग आला.

काकांनी नखाने पट्टीचा कोपरा उचलला. खालचे अक्षर ब्लेडने खरवडून काढलेले होते, इतके काळजीपूर्वक की कागद कुठे फाटला नव्हता.

"ताकाला जाऊन भांडं लपवतोस होय?" आत्या म्हणाल्या. "सांग आता."

थोरल्यांनी सांगितले, तेही क्रमानेच. नावाचा आणि आडनावाचा उगम शोधायचा म्हणून ते कामगार संघटनेच्या कार्यालयात गेले. बंद पडलेल्या फाउंड्रीचे हजेरीपट तिथल्या कपाटात होते. मिस्त्रींचा टोकन क्रमांक तीनशे सतरा, हे घरात सर्वांना ठाऊक होते. फाउंड्रीत प्रत्येकाला पितळेचा बिल्ला मिळे, त्यावर क्रमांक आणि पूर्ण नाव कोरलेले असे; तो फाटकावर दाखवल्याशिवाय आत प्रवेश नसे. तीनशे सतराचे पान सापडले. नाव तेच, आडनाव तेच. फक्त ती हजेरी मिस्त्री अकरा वर्षांचे असतानापासून सुरू होत होती.

"म्हणजे पोरवयात कामाला लागले," काका म्हणाले.

"मलाही तेच वाटलं. म्हणून पुढची पानं पाहिली." थोरल्यांनी वहीतून एक घडी केलेला कागद काढला, नोंद त्यांनी जशीच्या तशी उतरवून आणली होती. "हजेरीच्या आठव्या वर्षी, एका मंगळवारी शेरा आहे: भट्टीवर अपघाती मृत्यू. त्यानंतर तीन दिवस रिकामे. शनिवारपासून त्याच नावापुढे पुन्हा हजेरी. आणि समासात कारकुनाचा शेरा: माणूस बदलला, टोकन तेच."

काकांनी कागद हातात घेऊन तो शेरा पुन्हा वाचला.

"नवा बिल्ला कोरायला दोन महिने लागायचे," थोरले पुढे म्हणाले. "माणूस तर आज हवा. फाटकाबाहेर कामासाठी उभे असत, त्यातल्या एकाला बोलावून जुना बिल्ला द्यायचे. पुढे नवा करून घ्यायचा असायचा. मिस्त्रींनी तो करून घेतला नाही. किंवा कुणी करून दिला नाही. त्या बिल्ल्यावरून खोली मिळाली, खोलीवरून लग्नाची नोंद झाली, त्यावरून फोरमनच्या शाळेचा दाखला. प्रत्येक कागद आधीच्या कागदावरून. ड्रॉइंगमध्ये पहिलंच माप चुकलं की पुढची सगळी मापं एकमेकांशी अगदी बरोबर जुळतात. म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही."

"आडनावही?" काकांनी विचारले.

"आडनावही."

काका खुर्चीत मागे टेकले. "माझ्या दुकानावर पाटी आहे ती," अखेर ते म्हणाले. "नाव दादाचं, आडनाव तरी माझं, असं मी म्हणायचो. गिऱ्हाइकांना सांगतो मी, आम्ही भट्टी राखणारे. परवाच एकाला सांगितलं. आणि हा चार महिने गप्प? सांगायचं नाहीस?"

"पडताळणी चालली होती."

"डोंबलाची पडताळणी. चार महिने तुझ्या चौकटीपायी आम्हाला इथे बोलावून चहा पाजत होतास."

"मग आता प्रश्नच मिटला," आत्या म्हणाल्या. "ठेव बाई तुला हवं ते नाव. मी सत्तर वर्षं घरच्या नावावाचून जगले. मुलींना कुठे मिळतं ते? आडनाव तर लग्नात बदललं. माझं काही अडलं नाही."

"आत्ताच तर तू घरचं नाव, घरचं नाव करत होतीस," काका म्हणाले.

"तेव्हा ते घरचं होतं."

"आणि मी म्हणतो, आता तर तेच ठेवलं पाहिजे. आत्ता बदललंत तर लोक विचारतील, का बदललं? मग सांगत बसा, कुणाचा कोण मेला नि कुणाचा कोण आला. झाकली मूठ राहू दे."

सुनेने डोळे मिटून घेतले. पंधरा मिनिटांपूर्वी जो तिच्या बाजूचा होता तो तिकडे गेला होता आणि तिकडची इकडे आली होती; हिशेब होता तिथेच. या घरातल्या भांडणांचे हे नेहमीचेच होते. खुर्च्या बदलत, टेबल तेच राही.

*

"मूठ झाकायची म्हणून नाही," थोरले म्हणाले.

ते उभे राहिले होते. बैठकीत ते कधी उभे राहत नसत.

"मी चार महिने याच गोष्टीचा विचार केला. लपवायचं म्हणून लपवलं नाही. नीट मांडता येईना म्हणून गप्प बसलो. ऐका. ते नाव ज्याचं होतं, त्याला ते त्या फाटकातून आठ वर्षं नेता आलं. मिस्त्रींनी ते बावन्न वर्षं चालवलं. फोरमननी चाळीस. मी त्रेचाळीस. या नावाने केलेलं एक काम परत आलं नाही. नाव आपलं नव्हतं, मान्य. पण आपण ते कमावलं. जे आयतं मिळतं ते टाकून देणं सोपं असतं. हे आयतं नव्हतं, एवढं कळल्यावर टाकायचं? मला ते उलट वाटतं. आता ते ठेवायला पहिल्यांदाच खरं कारण आहे."

लिफ्टवाल्याने टेबलाखालून डोके बाहेर काढले. वडील इतके सलग बोललेले त्याने आईच्या आजारपणानंतर ऐकले नव्हते. त्यांचे म्हणणे त्याला पटत होते, हीच अडचण होती. त्याला प्रत्येकाचेच म्हणणे पटे. लिफ्ट अडकली की आतला माणूस ओरडतो वर घ्या, बाहेरचा ओरडतो खाली घ्या, आणि दोघेही बरोबर असतात. त्याचे काम फक्त तार पाहायचे. पण इथे तार कुठली, हे त्याला वर्षभर कळले नव्हते.

सासऱ्यांच्या बोलण्यात खोट नव्हती आणि सुनेला खोटे बोलून जिंकायचे नव्हते.

"बाबा, एक विचारू? मिस्त्रींचं स्वतःचं नाव काय होतं?"

"तेच तर. हजेरीपटात..."

"हजेरीपटातलं नाही. शुक्रवारी रात्रीपर्यंत त्यांचं जे नाव होतं ते."

थोरल्यांनी वहीकडे पाहिले. मग तक्त्याकडे. "माहीत नाही."

"कुणालाच?"

"फोरमनना माहीत असेल तर त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं."

"त्यांच्या आईने काहीतरी ठेवलंच असेल ना," सून म्हणाली. "कुणीतरी त्यांना त्या नावाने जेवायला हाक मारली असेल, रागावलं असेल. ते सगळं फाटकाबाहेर राहिलं आणि आत गेला तो तीनशे सतरा. तुम्ही म्हणता ते खरंय, त्यांनी नाव कमावलं. पण त्यासाठी स्वतःचं टाकून यावं लागलं, आणि ते काय होतं हे त्यांच्या नातवालाही ठाऊक नाही. माझा नवरा अडतीस वर्षांचा आहे. तो तो आहे हे मला कागद दाखवून सिद्ध करावं लागलं. बटणने कुणाच्या जागेवर यावं असं मला वाटत नाही. तुमच्याही नाही. तुमची जागा रिकामी नाहीये, बाबा."

शेवटचे वाक्य तिने ठरवून म्हटले नव्हते. थोरले हळूच खाली बसले.

"मला लहानपणी वाटायचं," लिफ्टवाला म्हणाला, आणि सगळ्यांनी त्याच्याकडे वळून पाहिले, कारण बैठकीत तो फारसा बोलत नसे, "की मी मोठा झालो की मला आपोआप बाबांचं अक्षर येईल. नाव तेच, म्हणजे अक्षरही तेच. दहावीपर्यंत वाट पाहिली मी. माझं अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखंच आहे." तो बायकोला म्हणाला, "कुठाय तो अर्ज?"

अर्ज लसीकरणाच्या कार्डाखाली होता. तिने तो सात महिन्यांपूर्वीच भरून ठेवला होता, नावासकट, आणि ते नाव कुणालाही सांगितले नव्हते. सांगितले असते तर या टेबलावर त्याचा अर्थ, उगम आणि त्या नावाचे आजवर कोण कोण वाया गेले ही यादी निघाली असती. नवऱ्याने अर्ज वाचला. नावाच्या जागी तो थोडा थांबला, ओठांतल्या ओठांत ते दोनदा म्हणून पाहिले, आणि सही केली.

"दादा, बघ तुझा मुलगा," काका म्हणाले. कौतुक की तक्रार, हे त्यांनाही ठरवता आले नसावे.

"इकडे आणा," थोरले म्हणाले.

सुनेने अर्ज घट्ट धरला. मग दिला.

थोरल्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. वरपासून खालपर्यंत वाचला. उलटून मागची बाजू वाचली. खालची बारीक अक्षरातली सूचना भिंगाने वाचली. या घरात कुणी कधी न वाचलेली ती सूचना होती.

"हा चालणार नाही."

"बाबा," लिफ्टवाला म्हणाला.

"निळी शाई. इथे स्पष्ट लिहिलंय, काळ्या शाईने आणि सुवाच्य अक्षरात. उद्या खिडकीवरून परत पाठवतील, आणि परवा एक वर्ष होतंय. सात महिने हा कागद घरात आहे आणि एकाने सूचना वाचलेली नाही. एकाने."

"अरे देवा," आत्या कपाळाला हात लावून म्हणाल्या. "आता नवा अर्ज रविवारी कुठून आणायचा?"

थोरल्यांनी वहीच्या मागच्या खिशातून कोऱ्या अर्जांची चवड काढली. सहा प्रती होत्या. त्यांनी एक समोर घेतली, पेन्सिलने हलक्या दोन समांतर रेषा आखल्या आणि काळ्या शाईचे अक्षरलेखनाचे पेन उघडले. जन्मतारीख लिहिली. जन्माचे ठिकाण लिहिले. आईचे नाव, वडिलांचे नाव. मग पेन वर उचलून ते सुनेला म्हणाले, "हं. सांग."

तिने सांगितले. सावकाश, एकेक अक्षर सुटे करून, कागदावरचा मजकूर सांगतात तसे. एकतीस नावांच्या वेळी त्यांनी 'अर्थ काय?' हा जो प्रश्न विचारला होता तो आता येणार म्हणून ती तयार होती. अर्थ तिने पाहिलाच नव्हता. हे नाव तिने एका अनोळखी आईला बागेत हाक मारताना ऐकले होते आणि तिला ते आवडले होते, इतकेच. थोरल्यांनी तिला तिसरे अक्षर पुन्हा सांगायला लावले, बाकी काही विचारले नाही, आणि लिहिले. अक्षरे एका उंचीची, एका अंतराची, एखाद्या यंत्राच्या ड्रॉइंगवर शोभावीत अशी.

मग पुढची चौकट आली. आडनाव.

पेन तिथे थांबले. काका पुढे वाकले. बटणने टेबलाची कड धरून उभे राहायचा प्रयत्न केला आणि तो धपकन बसला, तरी कुणी पाहिले नाही. चार महिन्यांत थोरल्यांनी ते आडनाव कुठेही लिहिले नव्हते. निवृत्तिवेतनाच्या पावतीवरही त्यांनी नुसती आद्याक्षरे केली होती.

"लिही की," आत्या म्हणाल्या.

"ज्याचं आहे त्याला विचारता येत नाही."

"तो काय परत मागायला येतोय?" काका म्हणाले. मग, थोडे थांबून, जरा खालच्या आवाजात, "आणि आलाच, तर माझ्या दुकानात पाठव. पाटी दाखवतो त्याला. स्वच्छ ठेवलीय म्हणावं."

थोरल्यांनी आडनाव लिहिले. सलग, न थांबता, एरवीपेक्षा वेगाने, आणि त्यामुळे शेवटचे अक्षर चौकटीच्या रेषेबाहेर गेले. सगळ्यांनी ते पाहिले. पाच कोऱ्या प्रती हाताशी होत्या. ते त्या अक्षराकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी पेनाला टोपण लावले.

"सही करा दोघं. काळ्या पेनाने," ते म्हणाले. "आणि शाई वाळेपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही."